तारेने बांधलेली खिडकी

आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीचे हँडल २०२१ च्या पावसाळ्यात तुटले. तसे ते वर्षभर ढिलेच झाले होते. दांडी नुसती गोल फिरायची, कधी लागायची, कधी नाही. एके रात्री वारा सुटला, झडप दाणकन आपटली आणि सकाळी पाहतो तर दांडी खाली गल्लीत पडलेली. ऑफिसची घाई होती. लाईटच्या कामातून उरलेली तार घरात होती, ती झडपेला आणि गजाला गुंडाळली, चार पिळे मारले आणि 'रविवारी बघू' म्हणून निघालो. त्या रविवारची वाट आमच्या खिडकीने साडेतीन वर्षे पाहिली.

खिडकीला दोन झडपा आहेत. उजवी अशी तारेने बांधली गेली. डावीचे हँडल शाबूत होते, पण झडप उघडी धरून ठेवणारी खालची भोकाची पट्टी, जिला दुकानात स्टे म्हणतात, ती गंजून गेली होती. त्यामुळे डावी उघडली की वाऱ्याने आपटायची. एक तावदान तडकल्यावर तीही बंदच राहू लागली. एका खिडकीला दोन दुखणी, आणि त्या खोलीत आम्ही चौघे वावरायचो, आई तर तिथेच झोपायची.

मी एका कार्यालयात लिपिक आहे. बी.कॉम. झालेला आहे म्हणून म्हणा, किंवा चळवळीत वाढलो म्हणून म्हणा, गल्लीतले कागद माझ्याकडे येतात. कुणाचे रेशनकार्ड, कुणाचा जातीचा दाखला, कुणा म्हातारीची निराधार योजनेची पेन्शन, मुलांची शिष्यवृत्ती. १४ एप्रिलच्या वर्गणीचा हिशेबही माझ्याच वहीत असतो. गल्लीतला दिवा बंद पडला तर चौथ्या दिवशी माझा अर्ज गेलेला असतो. याचा मला थोडा अभिमान होता, खोटे कशाला बोलू? एकदा रात्री असाच कुणाचा तरी अर्ज लिहीत बसलो होतो. खोलीत उकाडा मरणाचा. सौ. पदराने वारा घेत म्हणाली, "अहो, सगळ्या गल्लीचे अर्ज लिहिता. आपल्या खिडकीचा अर्ज कुणाकडं करायचा?" मी हसण्यावारी नेले.

२०२५ च्या जानेवारीत ते हसणे थांबले.

आईला खोकला पुष्कळ वर्षांचा. तिने जवळजवळ तीस वर्षे विड्या वळल्या. आपल्या सोलापुरात विडीचे घर म्हटले की खोकला गृहीतच धरतात. 'तमाखूची ढास आहे, जुनी आहे' असे तीही म्हणायची, आम्हीही म्हणायचो. दिवाळीनंतर तिची भूक गेली, संध्याकाळी अंग तापू लागले, ब्लाऊज सैल पडू लागले. तरी महिना गेला. शेवटी आमच्या भागातल्या आशाताईंनीच थुंकीची तपासणी करून आणायला लावली. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. निकाल आला. क्षय.

औषध लगेच सुरू झाले. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन, असा सहा महिन्यांचा उपचार. औषधांना पैसा लागत नाही. पोषणासाठी शासन रुग्णाच्या खात्यावर दरमहा १,००० रुपये देते, २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत ते ५०० होते. आमची सर्वांची तपासणी झाली. हे सगळे कागदोपत्री काम, त्यात मी वाकबगार. धावपळ केली, सह्या केल्या. आता सगळे मार्गी लागले असे वाटले.

मग आशाताई घरी आल्या. आई कुठे झोपते ते पाहिले. म्हणाल्या, "दादा, आजी इथं झोपतात ना? ही खिडकी दिवसभर उघडी ठेवायची. जंतू खोकल्यातून हवेत जातात. खोली बंद असली की तिथंच साचतात. हवा खेळती राहिली, ऊन आत आलं, की घरातल्या बाकीच्यांना धोका कमी." असे बोलत त्या खिडकीपाशी गेल्या, झडप ढकलली. हलली नाही. तार दिसली. त्यांनी तारेकडे पाहिले, मग माझ्याकडे. काही बोलल्या नाहीत. माझी मुलगी दहावीला होती. ती त्याच खोलीत, आजीच्या खाटेपासून चार हातांवर अभ्यासाला बसायची. साडेतीन वर्षे.

त्या रात्री मी मोजपट्टी काढली. आमची खोली १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट. आपल्या देशाच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत, उष्ण आणि कोरड्या हवेच्या भागात, राहत्या खोलीला जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश खिडकी असावी असे सांगितले आहे, आणि त्यात दरवाजा मोजायचा नाही. आपले सोलापूर त्यातलेच, एप्रिल-मेमध्ये पारा ४३ च्या वर जाणारे. म्हणजे आम्हाला १२ चौरस फूट हवे. आमची खिडकी ४ फूट बाय साडेतीन फूट, १४ चौरस फूट. नियमापेक्षा दोन फूट जास्तच! पण उजवी बांधलेली, डावी आपटते म्हणून बंद. ताळेबंदात येणी मोठी दिसावीत आणि वसुली शून्य असावी, तसा हा प्रकार. असा ताळेबंद दुसऱ्या कुणी दाखवला असता तर मी त्यावर लाल शाईने शेरा मारला असता.

रोग दारात आल्यावरच खिडकी आठवते, आणि हे फक्त आमच्याच घरी झाले असे नाही. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, तेव्हा सरकारला कामगारांच्या अंधाऱ्या खोल्या आठवल्या. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. समोरच्या इमारतीने खालच्या खोलीचा उजेड अडू नये म्हणून दोन इमारतींमध्ये किती अंतर हवे, हे ट्रस्ट साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाने ठरवू लागला. त्याच ट्रस्टच्या परळमधल्या चाळीत, ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्यांत, बाबासाहेब १९१२ ते १९३४ या काळात राहिले. मधली परदेशातली वर्षे सोडून. आपण त्या खोल्यांचे नाव घेतो ते वेगळ्या कारणाने. पण ती चाळ मुळात उजेड आणि हवा यांच्या हट्टापायी बांधली गेली होती, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आमची ही खिडकी आली कुठून, तेही सांगतो. आमच्या आजोबांचे गावातले घर माळवदाचे. त्याला खिडकी नव्हतीच. छताला एक साणं होते, त्यातून धूर जायचा आणि जमिनीवर ताटाएवढा उजेड पडायचा. पाऊस आला की त्यावर पत्रा ओढायचा. वडील तिथून सोलापूरला आले आणि गिरणीत लागले, रिंग खात्यात. सुताला दमट हवा लागते, हवा कोरडी झाली की धागा तुटतो. म्हणून खात्यातल्या खिडक्या बंद ठेवत, आणि त्या उघडायचा अधिकार कामगाराला नसे. घरी आई विड्या वळायची. तिथेही तेच. पान भिजवून ओल्या गोणपाटात ठेवायचे, वारा लागला की ते सुकून फाटते, आणि सुपातली तमाखू उडते. म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. बाहेर ४३ डिग्री असो. वडिलांची खिडकी सुतासाठी बंद आणि आईची पानासाठी. माणसासाठी उघडलेली खिडकी दोघांच्याही वाट्याला फारशी आली नाही.

१९८९ साली वडिलांनी बुधवार पेठेत हे घर बांधायला घेतले तेव्हा त्यांनी एक गोष्ट मनाशी धरली होती. पुढच्या खोलीला मोठी खिडकी. नवी परवडत नव्हती. एक जुनी इमारत पाडली जात होती, तिथून त्यांनी ही लोखंडी खिडकी सेकंडहँड आणली, सायकलला बांधून, मी मागून धरत. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. खिडकी बसली त्या संध्याकाळी वडिलांनी मला जवळ बोलावले आणि हँडल दाखवले. पितळी होते, जड. चौकटीवरच्या पट्टीत जे टोक अडकते त्याला ते नाक म्हणत. त्या नाकाला दोन पायऱ्या होत्या. वडील म्हणाले, "हे बघ, दांडी पूर्ण खाली केली की खिडकी घट्ट बंद. आणि ह्या पहिल्या पायरीवर ठेवली की बोटभर फट राहते. वारा आत येतो, पण बाहेरून कुणाला उघडता येत नाही. रात्री अशी ठेवायची."

मी पुढे ते विसरून गेलो. गिरणी बंद पडली, वडील २०११ साली गेले. माझा पुतण्या डिप्लोमाला आहे. या सगळ्या प्रकरणात त्याने मला सांगितले की लोखंडी खिडक्यांसाठी भारतीय मानक १०३८ आहे आणि दोन पायऱ्यांचे नाक हे त्यातच धरलेले आहे, एक घट्ट बंदसाठी आणि एक किंचित उघड्यासाठी. स्टे ३०० मिलिमीटरचा, म्हणजे साधारण फूटभर, त्याला तीन भोके, झडप तीन ठिकाणी धरून ठेवायला. म्हणजे कुठल्या तरी शहाण्या माणसाने, माणूस बंद खिडकीत गुदमरू नये आणि उघड्या खिडकीत घाबरू नये, दोन्हीचा विचार करून ठेवला होता. आम्ही त्यावर तार गुंडाळली.

आता दुरुस्तीची हकीकत. तीत माझी फजितीच जास्त आहे, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली चूक दुकानात झाली. मंगळवार पेठेत हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तर काउंटरवरच्या पोराने विचारले, "डावं का उजवं?" मी लिपिकी ऐटीत म्हणालो, "झडप उजवी आहे." त्याने दिले ते घेतले. ॲल्युमिनियमचे, १४० रुपये. घरी आणून झडपेला लावून पाहतो तो नाक नको त्या बाजूला! त्याचे असे असते की दांडी खाली लोंबती धरली म्हणजे नाक चौकटीकडे यायला पाहिजे. आमच्या झडपेला, घरातून पाहिले तर, नाक डावीकडे हवे होते. हे उजवीकडे निघाले. उलटे करून बसवले तर दांडी वर उभी करून खिडकी लावावी लागते, आणि ती आपल्या वजनाने हळूहळू खाली येऊन आपोआप उघडते. परत घ्यायला गेलो तर बिलावर छापलेलेच होते, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तेव्हा सांगतो, तुटलेले जुने हँडल फेकू नका, दुकानात सोबत न्या. दोन स्क्रूंच्या भोकांतले अंतर, नाकाची बाजू, नाकाची लांबी या तीन गोष्टी त्याच्याशी ताडून घ्या. नाक गुंजभर आखूड असले तरी खिडकी खडखडत राहते. तसे झाले तर चौकटीवरच्या पट्टीखाली पातळ वॉशर घालून भागते, पण नाक जास्त लांब असेल तर काही उपाय नाही.

शिवाय त्या नव्या हँडलला पायऱ्याच नव्हत्या. साधे सपाट नाक. दोन पायऱ्यांचे मला शेवटी जुन्या घरांचे लाकूड-लोखंड विकणाऱ्याकडे मिळाले. गोणीभर हँडलांच्या ढिगात अर्धा तास बसून शोधले, तुटका तुकडा हातात धरून. पितळी, काळे पडलेले, २०० रुपये. सोबत स्टेही मिळाला.

दुसरी चूक घरी. जुन्या हँडलची पट्टी झडपेवर तशीच होती, दोन स्क्रूंनी धरलेली. स्क्रू गंजलेले. अशा वेळी शिलाई मशीनचे तेल सोडून रात्रभर थांबायचे असते, सकाळी स्क्रूच्या डोक्यावर हलके ठोके द्यायचे आणि मग पिळायचे. मी तेल सोडले आणि दहा मिनिटांत पेचकस लावला. एक स्क्रू निघाला, दुसऱ्याचे डोके तुटून हातात आले. निघालेल्या स्क्रूच्या भोकात नवा स्क्रू पिळायला गेलो तर तोही दीड फेऱ्यावर अडकला. जुने आटे इंचाचे, नवा स्क्रू मिलिमीटरचा. जोर केला असता तर उरलेले आटेही गेले असते.

तेव्हा मी आमच्या शेजारच्या जॉबर मामांना हाक मारली. मामा आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की मालकसुद्धा त्यांच्या तोंडाकडे बघत बसे. आता वय झाले, पण हत्यारांची पेटी तेलाने पुसून ठेवलेली असते. त्यांनी तुटका स्क्रू पाहिला आणि म्हणाले, "घाई केलास बे. लोखंडाला सबुरी लागते." मग कामाला लागले. आमची झडप बाहेर उघडते आणि आत गज आहेत, त्यामुळे हे काम घरातून होत नाही. गल्लीत स्टूल टाकून उभे राहावे लागते. मामा स्टुलावर आणि मी स्टूल धरून. त्यांनी तुटक्या स्क्रूच्या मधोमध पंचाने खूण केली, ४.२ मिलिमीटरचे ड्रिल मारून तो पोखरून काढला आणि ५ मिलिमीटरच्या टॅपने नवे आटे पाडले. दुसऱ्या भोकालाही तसेच केले. टॅप सरळ फिरवत न्यायचा नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे लोखंडाचा कीस तुटून बाहेर पडतो. मध्ये मध्ये तेल. हे मी त्या दिवशी शिकलो. कॉलेजात तीन वर्षे डेबिट-क्रेडिट शिकलो, ते पोटाला उपयोगी पडले, पण आटे पाडायला कुणी शिकवले नव्हते.

गल्लीत स्टूल टाकले की गल्ली गोळा होते. "काय चाललंय?" "खिडकी करतोय." "आताच का?" हा प्रश्न तीन जणांनी विचारला आणि मी तीन वेगवेगळी उत्तरे दिली. उन्हाळा येतोय, मुलीची परीक्षा आहे, तावदान बदलायचे आहे. चौथ्यांदा आतून आईची खोकल्याची उबळ आली. सगळे ऐकत होते. मी स्टूल घट्ट धरून खाली बघत राहिलो. शाळांच्या मैदानात, सभांमध्ये मी अंधश्रद्धेवर बोललो आहे, रोग म्हणजे शाप नव्हे असे बजावून सांगितले आहे. आणि माझ्याच गल्लीत, माझ्याच आईच्या आजाराचे नाव माझ्या तोंडातून निघेना.

दुपारी हँडल बसले. स्टे बसला. दोन्ही झडपा उघडल्या तशी खोलीत अशी हवा आली की भिंतीवरचे कॅलेंडर फडफडले. मुलगी अभ्यास सोडून नुसती खिडकीशी उभी राहिली.

पण खरी लढाई पुढेच होती. मी ऑफिसला गेलो की आई गजांतून हात घालून खिडकी लावून घ्यायची. संध्याकाळी येऊन पाहावे तर बंद. सौ.ने उघडली तर पुन्हा बंद. एकदा मी रागावलो. आवाज चढला. तेव्हा ती खाटेवर बसून हळू आवाजात म्हणाली, "तुला काय कळतं? उघडी ठेवली की माझा खोकला समोर जातो. माणसं ऐकतेत. पोरगी लग्नाची होईल उद्या. ह्या घरात टीबी आहे म्हणतील."

मला काही सुचले नाही. साडेतीन वर्षे मी तार काढली नाही ती आळसाने. तिला ती तार हवीच होती की काय, असे मनात येऊन गेले. खरे तर आयुष्यभर तिला कुणी खिडकी उघडायला सांगितलेच नव्हते. पान सुकेल, तमाखू उडेल, लोक ऐकतील, बंद करायला प्रत्येक वेळी कारण होते. एका आशाताईच्या सांगण्याने ती सवय कशी जाईल?

त्या रात्री मी वडिलांची गोष्ट तिला सांगितली, दोन पायऱ्यांची. दांडी पहिल्या पायरीवर ठेवून दाखवली. म्हणालो, "आई, दिवसा पूर्ण उघडी ठेवायची, ते दवाखान्याचं सांगणं आहे, त्यात मी सवलत देणार नाही. पण रात्री तुला भीती वाटते तर अशी ठेव." तिने दांडीवर हात ठेवला, दोनदा खालीवर करून पाहिली. "हे तर त्यांनी मला पण दाखवलं होतं," म्हणाली. आणि मग, "पितळंचं आणलास होय? किती पडलं?" दोनशे ऐकल्यावर बडबडली, पण ती बडबड बरी होती.

दिवसाचा प्रश्न मी सोडवला नाही, तो समोरच्या वहिनींनी सोडवला. पंधरा दिवस झाले असतील. एका संध्याकाळी त्या आल्या, आईजवळ खाटेवरच बसल्या. चहा झाला. मग म्हणाल्या, "आत्या, गोळ्या चालू आहेत ना? सोडू नका मध्येच. बरं वाटलं तरी सोडू नका. आमच्या दिरांना दोन वर्षांखाली झालता. आम्ही कुणाला सांगितलं नाही. मागच्या खोलीत ठेवलं होतं, त्या खोलीला खिडकीबी नाही." आई कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. दोन घरांच्या मध्ये आठ फुटांची गल्ली, एका नळावर पाणी भरलेली माणसे, आणि दोन्ही घरांनी एकच आजार एकमेकांपासून लपवलेला. जाताना वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, आमची पण एक खिडकी लागत नाही. मामांना सांगता का?"

दुसऱ्या दिवसापासून आईने दिवसा खिडकी लावली नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी ऊन चढले की आम्हीच तास-दोन तास झडपा ओढून घेत होतो आणि संध्याकाळी पुन्हा उघडत होतो. औषध सुरू होऊन काही आठवडे झाले म्हणजे दुसऱ्याला लागण होण्याची भीती बरीच कमी होते असे डॉक्टरांनी सांगितलेच होते. तरीही खिडकीचा नेम आम्ही मोडला नाही. जुलैमध्ये उपचार पुरा झाला, थुंकी साफ निघाली. वजन पाच किलोने वाढले. खोकला पूर्ण गेला असे म्हणणार नाही, तीस वर्षांची तमाखू कुठे जाईल?

वहिनींच्या घरची खिडकी लाकडाची निघाली. तिचे काम सोपे, पण पुष्कळांच्या घरी असते म्हणून सांगतो. लाकडी झडपेचे हँडल किंवा बोल्ट निखळतो तो बहुधा लोखंड मोडल्यामुळे नव्हे, तर स्क्रूचे भोक मोठे झाल्यामुळे. लोक मग जास्त जाड स्क्रू ठोकतात, हो, हातोडीने ठोकतात, आणि झडपेचे लाकूड चिरते. त्यापेक्षा आगपेटीच्या काड्यांचे गूल मोडून, काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात गच्च बसवाव्यात, रात्रभर वाळू द्यावे, वर आलेले टोक कापावे आणि सकाळी तोच जुना स्क्रू पिळावा. मस्त धरतो. लाकूडच कुजले असेल तर हँडल दोन इंच वर सरकवावे. सामान असे शून्य रुपयांचे झाले. मामांनी एक कप चहा घेतला, साखर कमी. त्यानंतर गल्लीतल्या अजून चार खिडक्या झाल्या. टॅप फिरवायचे काम आता माझी मुलगी करते. मामा म्हणतात तिचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे.

ते चुकीचे घेतलेले ॲल्युमिनियमचे हँडल अजून माझ्या टेबलाच्या खणात बिलासकट पडून आहे. दांडी खाली धरली की नाक उजवीकडे येते, दोन भोकांतले अंतर पावणेदोन इंच. कुणाच्या झडपेला बसत असेल तर रविवारी सकाळी घरी यावे आणि घेऊन जावे. स्क्रू मात्र आपले आणावेत.